खोडलेली दोन नावं

पत्र

सप्रेम नमस्कार.

माझं वय 56. तीस वर्षं मी एका मोठ्या उद्योजकाची बायको म्हणून जगले. दीड वर्षापूर्वी यजमानांची कंपनी कर्जापायी बंद पडली. घर, गाड्या विकून देणी फेडली. कुणाचा पैसा बुडवला नाही, एवढंच समाधान. आता आम्ही दोन खोल्यांच्या जागेत राहतो. मुलगी लांब असते. तिला काळजी नको म्हणून मी फोनवर हसून बोलते.

पूर्वी माझा फोन सकाळपासून वाजायचा. तीन संस्थांची मी अध्यक्ष होते. कुठेही गेले तरी पुढच्या रांगेत खुर्ची राखलेली असायची, मी आत आले की माणसं उठून उभी राहायची. कंपनी गेल्यावर सहा महिन्यांत तिन्ही संस्थांनी 'नव्या लोकांना संधी' म्हणून मला मोकळं केलं. भांडण नाही, वाद नाही. फोन तेवढा वाजायचा थांबला. ज्यांच्या अडीअडचणीला मी धावले, त्यांतल्या ज्यांनी साधी चौकशीही केली नाही त्यांची नावं मी डायरीत लिहून ठेवली आहेत. 37 झाली.

जुन्या घरातले शेवटचे दोन महिने ड्रायव्हर, माळी, कामाच्या बायका यांची कुठे ना कुठे सोय लावण्यातच गेले. त्यामुळे सामानाची आवराआवर धड झाली नाही, खोकी अजून तशीच आहेत. यजमान रोज नऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात आणि खिडकीशी बसतात. शेजारची तरुण मुलगी परवा म्हणाली, "काकू, दहा मिनिटं बाळाला घ्याल का?" मी घेतलं, पण आतून चिडले. मला कुणी असं काम सांगितलेलं नव्हतं. मग चिडल्याची लाज वाटली.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळंच आहे. मागच्या महिन्यात एक कुरिअरवाला मुलगा आला. "नाव काय लिहू?" म्हणाला. मी यजमानांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "पार्सल त्यांचं आहे ते दिसतंय. घेणाऱ्याचं नाव पाहिजे. तुमचं." आणि माझ्या तोंडातून माझं नाव निघेना. आठवत होतं, पण उच्चारताना खोटं बोलल्यासारखं वाटलं. शेवटी म्हणाले, "तू लिही काहीतरी."

लोकांचं ते प्रेम खोटं होतं का? पैसा आणि मान काढून घेतल्यावर मागे उरते ती मी कोण? की तिथे कधी कुणी नव्हतंच?

एक वाचक

उत्तर

ताई,

तुमचं पत्र हाताने लिहिलेलं आहे, म्हणून त्यात मला एक गोष्ट दिसली. छापील अक्षरांत ती दिसली नसती. शेवटी सहीच्या जागी तुम्ही आधी 'मिसेस' आणि आडनाव लिहिलंत. ते खोडलंत. इतक्या जोरात, की कागदाच्या मागच्या बाजूला रेघा उमटल्या आहेत. मग त्याखाली नुसतं तुमचं नाव लिहिलंत. तेही खोडलंत, पण एकाच हलक्या रेघेने. नाव सहज वाचता येतं. आणि मग 'एक वाचक'. मी त्या तीन ओळींकडे बराच वेळ बघत बसले. मधल्या ओळीवर तुमचा हात जोरात चाललेला नाही. हे लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आधी एक सांगते. 'पैसाच गेला ना, जिवावरचं शेपटावर निभावलं,' असं तुम्हाला अनेकांनी ऐकवलं असेल. त्यांचा हेतू चांगला असेल, पण ते खरं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली मानसशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात माणसाचा 'स्व' कशाकशाचा बनलेला असतो हे सांगताना त्यांनी शरीर आणि मनावर थांबायचं नाकारलं. कपडे, घर, कुटुंब, पूर्वज, मित्र, नावलौकिक, अगदी बँकेतलं खातंसुद्धा त्यांनी त्यात धरलं. माणूस ज्याला ज्याला 'माझं' म्हणू शकतो, त्या सगळ्याची बेरीज म्हणजे तो. त्यातलं काही वाढलं की माणूस फुलतो, घटलं की खचतो. आणि आपल्याला ओळखणारी जितकी माणसं, तितके आपले सामाजिक 'स्व', असंही त्यांनी म्हटलं आहे.

हे मी तुम्हाला का सांगतेय? शेकडो लोकांच्या मनात एकेक 'तुम्ही' होतात. एकीकडे सभेला वेळेवर येणाऱ्या अध्यक्षबाई, एकीकडे अडल्यानडल्याला शब्द टाकणाऱ्या मॅडम, कुठे नुसत्याच 'त्या मोठ्या घरातल्या'. दीड वर्षात त्यातल्या बहुतेक सगळ्या नाहीशा झाल्या. म्हणजे तुमच्यातलं काहीतरी खरोखर गेलं आहे. तुम्ही हव्यासापोटी रडत नाही आहात. घरातलं माणूस गेल्यावर जसं रिकामं वाटतं तसं हे आहे, आणि त्यासाठी वाईट वाटून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, लोकांचं प्रेम खोटं होतं का.

याचं उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारते. टोचणार आहे, पण विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तुमच्या आधी त्या तीन खुर्च्यांवर कोण होतं? त्यांचं अध्यक्षपद गेल्यानंतर तुम्ही त्यांना किती वेळा फोन केलात? सहज, काही काम नसताना?

बहुतेक नाही केलात. आपण कुणीच करत नाही. आणि तुमच्या मनात त्या बाईंबद्दल वाईट काहीच नव्हतं. त्या समोर होत्या तोवर तुम्हाला त्यांच्याबद्दल आदर होता, तो खरा होता. मग त्या समोर यायच्या थांबल्या, तुमचे दिवस भरगच्च होते, आणि विसर पडला. त्या 37 जणांपैकी पुष्कळांचं तुमच्याबाबतीत एवढंच झालं आहे. खुर्चीच्या निमित्ताने जुळलेली नाती खुर्चीच्या निमित्तानेच टिकतात. त्यांना खोटं म्हणणं म्हणजे रेल्वेच्या डब्यात मनापासून गप्पा मारलेल्या माणसाला घरी आला नाही म्हणून खोटा म्हणण्यासारखं आहे. काही जण मात्र सरळसरळ स्वार्थी असतील. तुम्ही पडता काळ बघितलात तेव्हा त्यांनी मुद्दाम तोंड फिरवलं असेल. अशांना मी कसलीच सबब देणार नाही. पण ते 37 पैकी किती? पाच? सात? बाकीच्या तीस जणांवर तुम्ही त्या सातांचा गुन्हा लावून बसला आहात.

त्या डायरीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ती मला भीतिदायक वाटली.

तुकाराम महाराजांबद्दलची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. घरात पिढीजात महाजनकी आणि सावकारी. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घरातली माणसं गेली, धंदा बसला, मान गेला. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं तेवढी घरात होती. परंपरा सांगते की महाराजांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली. ही गोष्ट आपण नेहमी वैराग्याची म्हणून सांगतो. मला त्यातला दुसरा तपशील फार मोलाचा वाटतो. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. धाकट्या भावाच्या वाटणीची अर्धी त्याच्या हाती दिली आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. भावाला संसार करायचा होता, त्याच्यावर त्यांनी स्वतःचा निर्णय लादला नाही. स्वतःपुरतं मात्र ठरवलं, की लोक माझं किती देणं लागतात या हिशोबावर मी यापुढे उभा राहणार नाही.

तुमची डायरी म्हणजे त्या खतांचाच प्रकार आहे, ताई. 37 येणी. रोज उघडून बघता तेव्हा रोज तुम्ही 'माझं येणं असलेली बाई' होता. आज तुमच्याकडे दुसरी ओळख नाही म्हणून ही ओळख तुम्ही घट्ट धरली आहे, हे मला समजतं. पण ती धरून ठेवलीत तर नवी काही धरायला हात रिकामा राहणार नाही. डायरी बुडवा असं मी म्हणत नाही. तो निर्णय लादायचा मला अधिकार नाही. त्यातली जी पाच-सात नावं खरी दुखतात ती एका कागदावर वेगळी काढा. त्यांच्याबद्दल दुःख करा, राग करा, वाटलं तर एखाद्याला विचारूनही टाका. उरलेली तीस नावं पुन्हा वाचू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळं काढून घेतल्यावर उरते ती मी कोण?

या प्रश्नाच्या मांडणीतच एक चूक आहे असं मला वाटतं, आणि ती तुमची एकटीची नाही. खरी ओळख म्हणजे खोल कुठेतरी पुरलेली वस्तू आहे, वरचं सगळं उपसून टाकलं की ती सापडेल, अशी आपली समजूत असते. म्हणून माणसं सगळं गेल्यावर आत डोकावतात, आत काहीच चकाकताना दिसत नाही, आणि मग घाबरून म्हणतात, इथे कुणी नव्हतंच. 'कोऽहम्' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्या वाटेने जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ती वाट स्वतःहून निवडायची असते. जिच्याकडून घर, माणसं, मान दीड वर्षात ओरबाडून घेतला गेला तिला 'तू म्हणजे तुझं नाव नव्हेस, तुझं घर नव्हेस' असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. तुम्हाला आत्ता वैराग्य नको आहे. स्वतःचं नाव उच्चारता यायला हवं आहे.

माझं म्हणणं असं. पैसा कुणाकडेही असतो, खुर्चीवर कुणीही बसतं. त्या पैशाचं, त्या खुर्चीचं तुम्ही काय केलंत, ते मात्र दुसऱ्या कुणी तसंच केलं नसतं. तुमची ओळख त्या वस्तूंखाली दडलेली नव्हती. त्या वस्तू वापरायच्या तुमच्या पद्धतीत ती होती, उघड्यावर. आणि ती पद्धत कुणी जप्त करू शकत नाही.

पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही तो एका तक्रारीच्या पोटात लिहून गेलात आणि तुमच्या लक्षातही आलं नाही. 'सामानाची आवराआवर धड झाली नाही.' का नाही झाली? तर ड्रायव्हर, माळी, कामाच्या बायका यांची सोय लावत बसलात म्हणून. ताई, ते दोन महिने डोळ्यांसमोर आणा. कंपनी बुडालेली. डोक्यावर छप्पर राहणार की नाही याची खात्री नाही. तुम्ही शब्द टाकला तर समोरच्याने तो झेलावा असं तुमच्याकडे काही उरलेलं नव्हतं. फोन केले असतील तेव्हा काहींनी उचललेही नसतील. तरी तुम्ही ते केलेत. तेव्हा तुम्ही कुणाच्या मिसेस म्हणून ते करत नव्हता. त्या नावाला बाजारात किंमतच राहिली नव्हती. आणि कुणी बघतही नव्हतं. मला सांगा, ते फोन कुणी केले? जिथे कुणी नव्हतंच म्हणता, तिथून ते फोन कसे गेले?

आणि हे प्रामाणिकपणे दोन्ही बाजूंनी बघायचं असेल तर दुसरा पुरावाही घ्यायला हवा. माणसं उठून उभी राहायची ते तुम्हाला आवडत होतं. पत्रात ते वाक्य तुम्ही ज्या लयीत लिहिलं आहे त्यावरून कळतं. तीही तुम्हीच. त्याची लाज बाळगू नका, पण ते झाकूही नका. मान आवडणारी आणि मान गेल्यावरही माळ्यासाठी फोन करणारी, अशी एकच बाई असू शकते. फक्त सद्गुणांची यादी करून जी ओळख तयार होते ती भाषणात वापरायची ओळख असते, तिच्याबरोबर एका खोलीत राहता येत नाही.

एक अभ्यास करून बघा. 1954 साली मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोन समाजशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एकेक कागद दिला. त्यावर 20 रिकाम्या ओळी आणि वर एकच प्रश्न: मी कोण आहे? उत्तरं दुसऱ्याला नव्हे, स्वतःला दिल्यासारखी लिहायची आणि भराभर लिहायची. त्यांना असं आढळलं की लोक आधी ज्या गोष्टी सगळ्यांना मान्य असतात, सांगून समजतात, त्या लिहितात: विद्यार्थी, मुलगी, अमुक धर्माचा, तमुक कुटुंबातला. ही पदं संपली की मगच स्वतःबद्दलची वेगळी, खासगी उत्तरं येऊ लागतात. म्हणजे आधी पद आठवणं हा तुमचा दोष नाही, माणसाचं मनच त्या क्रमाने चालतं. तुमचं इतकंच झालं आहे की पहिल्या सात-आठ ओळी एकदम खोडल्या गेल्या आणि त्यापुढे कागद आहे हे तुम्ही बघितलंच नाही.

मी हे स्वतः केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक नोकरी गेली. पुष्कळ वर्षांची होती आणि फोनवर स्वतःचं नाव सांगताना पाठोपाठ त्या ठिकाणाचं नाव आपोआप तोंडातून यायचं. नोकरी गेल्यावर पहिल्यांदा कुठेतरी फोन केला, नाव सांगितलं आणि पुढे काही नव्हतं. वाक्य अर्धवट सुटल्यासारखं ते नाव हवेत राहिलं. समोरच्या बाई म्हणाल्या, "हं, कुठून?" तो प्रश्न पोटात खड्डा पडल्यासारखा बसला. तुमच्या कुरिअरवाल्याची गोष्ट वाचताना मला तोच आवाज ऐकू आला. त्या महिन्यात मी 20 ओळी लिहायला बसले. पहिल्या सहा ओळींत प्रत्येकीच्या सुरुवातीला 'माजी' होतं. नवव्या ओळीपाशी मी पेन ठेवून दिलं, अर्ध्या तासाने परत घेतलं. अकराव्या ओळीवर जे आलं ते असं: मला माणसांची अक्षरं आठवतात. शाळेतल्या मैत्रिणींची, वडिलांची, एकदाच पत्र आलेल्या अनोळखी माणसांचीसुद्धा. याचा माझ्या नोकरीशी काडीचा संबंध नव्हता. नोकरीच्या आधीपासून ते होतं, नंतरही राहिलं होतं. फार मोठी गोष्ट नाही, पण त्या दिवशी पायाखाली काहीतरी लागलं. तुमची खोडलेली नावं मी इतकी निरखून का पाहिली, ते आता तुम्हाला कळलं असेल.

तुम्ही लिहाल तेव्हा माझी एक सूचना पाळा. दहाव्या ओळीनंतर विशेषणं लिहू नका, क्रियापदं लिहा. 'मी प्रेमळ आहे' असं लिहिलंत की मन लगेच विचारतं, कशावरून? 'मी दुसऱ्याच्या कामासाठी फोन करते, स्वतःच्या कामासाठी संकोचते' असं लिहिलंत तर त्यावर वाद घालता येत नाही. आणि एकदा लिहून झालं की प्रत्येक ओळीसमोर खूण करा: हे मला कुणी दिलं होतं की माझ्याकडून आपोआप होतं? जे दिलेलं होतं ते परत घेतलं जाऊ शकतं. त्याबद्दल रागवायचं कारण नाही, ते मुळात उसनंच होतं.

मुलीशी फोनवर हसून बोलणं थांबवा. तुम्ही अध्यक्ष नसताना, साडीची इस्त्री मोडलेली असताना, आजारी असताना ज्यांनी तुम्हाला बघितलं आहे अशी जगात मोजकी माणसं आहेत आणि त्यांतल्या एकीशीच तुम्ही नाटक करताय. तिला खरं सांगा आणि एक विचारा: 'मी तुला कशी आठवते?' लहानपणच्या कोणत्या प्रसंगात मी तुला दिसते? ती जे सांगेल त्यात कंपनी, घर, गाडी कितपत येतात ते बघा. लग्नाआधीपासूनची एखादी मैत्रीण असेल तर तिलाही विचारा. तिने तुम्हाला हे सगळं मिळायच्या आधी पाहिलं आहे.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती माझ्या डोक्यातून जात नाही. नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट आणि खिडकी.

1930 च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल नावाच्या गावातली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईने बघितलं आणि 1933 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कुणालाही वाटेल, वेळ मोकळा मिळाल्यावर लोक वाचतील, संस्थांमध्ये जातील. घडलं उलट. वाचनालयातून पुस्तकं नेणं खूप घटलं. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते वारंवार थांबून उभे राहू लागले. बायका त्यांच्यापेक्षा भरभर चालत होत्या, कारण घरातलं काम संपलेलं नव्हतं. पुढे याहोदाने मांडलं की नोकरीधंदा पगाराखेरीज पाच गोष्टी देतो: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, एकट्याने न होणारं असं काही सामायिक काम, समाजात एक जागा, आणि हालचाल करायची सक्ती.

तुमच्या यजमानांचे पैसे गेले, तसंच हे पाचही गेलं. तुमच्याकडे निदान घरातलं काम उरलं, म्हणून तुम्ही अजून चालताय, चिडताय, पत्र लिहिताय. ते थांबले आहेत. त्यांना 'तुम्ही अजून किती मोठे आहात' असं सांगून काही होणार नाही. त्यांना ठरलेल्या वेळी, घराबाहेर, कुणाबरोबर तरी करायचं काहीतरी हवं. कितीही लहान असो. कर्जात बुडत असताना सगळी देणी फेडणाऱ्या माणसाला हिशोब आणि बोलणी यातलं पुष्कळ कळतं. तसल्याच अडचणीत सापडलेल्या एखाद्या लहान धंदेवाल्याबरोबर आठवड्यातून दोन सकाळी बसून त्याच्या वह्या बघणं, हे कुठूनही सुरू करता येतं. तुम्ही सुचवा, पण त्यांचं मन सांभाळणं ही तुमची नवी अध्यक्षपदाची खुर्ची करू नका. ते दुःख त्यांचंही आहे. ते झोपत नसतील, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असतील, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे घेऊन जा. हे तुमच्यासाठीही तितकंच लागू आहे.

खोकी उघडा. सगळी नको, एक. आणि उघडताना स्वतःला विचारा, या घरात यापुढे कधीच कुणी पाहुणा येणार नसेल तरी मी यातलं काय बाहेर काढून ठेवीन? जे निघेल ते ठेवा. बाकीचं परत बंद केलंत तरी चालेल.

आणखी एक, अगदी व्यवहारातली गोष्ट. तुमच्या एकटीच्या नावावर काय आहे? फोन कुणाच्या नावावर आहे? बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं आहे का? वाचनालयाचं कार्ड? तीस वर्षं सगळं दुसऱ्याच्या नावाने आलं असेल तर स्वतःचं नाव उच्चारताना खोटं वाटणारच, जिभेला सवयच नाही. एखादी तरी गोष्ट या महिन्यात तुमच्या नावाने सुरू करा. फॉर्मवर ते नाव तुमच्या हाताने लिहा. काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने सांगा.

आणि आता शेजारच्या त्या मुलीबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं असेल तर ते तिचं ते दहा मिनिटांचं मागणं. तुम्हाला वाटलं, आपण इतके खाली आलो की कुणीही काम सांगावं. मला ते फार वेगळं दिसतं. त्या मुलीला तुमच्या यजमानांची कंपनी माहीत नाही. तुमच्या तीन संस्था माहीत नाहीत. तिला तुमचं आडनावही धड माहीत नसेल. जिन्यात, दारात, चार-सहा वेळा तिने तुम्हाला बघितलं असेल आणि तेवढ्यावरून तिच्या मनाने ठरवलं, या बाईंच्या हातात माझं बाळ द्यायला हरकत नाही. कुणीही आई ही गोष्ट सहज ठरवत नाही. गेल्या तीस वर्षांत फक्त तुमच्याकडे बघून, तुमच्या मागचं काहीही न बघता, कुणी तुमच्याबद्दल मत बनवलं असेल तर ते तिने. तुम्हाला ज्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं ते तिने तुमच्या हातात ठेवलं होतं आणि ते दहा मिनिटं तुमच्या खांद्यावर होतं.

याचा अर्थ रोज बाळ सांभाळा असा नाही. पुन्हा सगळ्यांना हव्या असलेल्या बाई व्हायच्या घाईत सोसायटीभरची कामं अंगावर ओढून घेऊ नका, जुनीच सवय नव्या जागेत लागेल. जमेल तेव्हा हो म्हणा, नको असेल तेव्हा नको म्हणा. 'नको' म्हटल्यावरही ती मुलगी जिन्यात हसून बोलते की नाही ते बघा. बहुतेक बोलेल. फक्त पुढच्या वेळी ती 'काकू' म्हणाली की तिला तुमचं नाव सांगा.

आणि मला पुन्हा पत्र लिहा. काय झालं, काय नाही, यजमान खिडकीपासून उठले का, कागदावर अकरावी ओळ कोणती आली. शेवटी तुमचं ते मधल्या ओळीतलं नाव लिहा, न खोडता. मी छापणार नाही. मला ते तुमच्या अक्षरात पूर्ण बघायचं आहे.